पिसे झडलेल्या कोंबडीचे देणे



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या भागात थंडीही वाढते. निफाड-सिन्नरच्या बाजूला काही पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, एखाद्या वर्षी ५-६ अंशांवरही येतो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. गोठ्यात वासराच्या पाठीवर गोणपाट टाकले जाते. आपणही पेटीतले स्वेटर आणि कानटोप्या बाहेर काढतो. याच दिवसांत कित्येक घरांच्या मागच्या अंगणात एखादी कोंबडी अंग चोरून उभी असते. तिची मान उघडी पडलेली, शेपटी गळून गेलेली, पाठीवर कातडी दिसत असते. अंडी देणे तिने केव्हाच थांबवलेले असते.

तिच्याविषयी घरात सहसा तीन मते निघतात. कोणी म्हणते, 'हिला रोग लागलाय, बाजाराच्या दिवशी विकून टाका.' कोणी म्हणते, 'अंडं देत नाही, मग दाणा कशाला?' आणि तिसरा म्हणतो, 'नाताळ आलाच आहे, रस्सा करू.' या तिघांत कोणीही दुष्ट नसतो. घर चालवायचे तर हिशेब करावाच लागतो. पण या तिन्ही मतांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो कोंबडीपेक्षा बराच मोठा आहे. जो आज काही देत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का?

चर्चच्या पत्रकात कोंबडीचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपल्या बहुतेक घरांत दारात चार कोंबड्या असतात, आणि नीतीचे पहिले धडे माणूस मोठ्या ग्रंथांतून घेत नाही. तो ते दारातच घेतो. म्हणून आज आपण या प्रश्नाचा सावकाश विचार करू.

तिला नेमके काय झाले आहे?

योग्य निवाडा करायचा तर आधी वस्तुस्थिती नीट माहीत असावी लागते. पिसे झडणे हा आजार नव्हे. कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की ती पहिल्यांदा सगळी पिसे बदलते, आणि पुढे बहुतेक दर वर्षी बदलते. वर्षभराच्या उन्हापावसाने जुनी पिसे झिजलेली असतात. ती ऊब धरत नाहीत. म्हणून शरीर ती टाकून देते आणि नवी घडवते.

याची खूण तिला प्रकाशातून मिळते. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो. लंडनसारख्या ठिकाणी तो ८ तासांवर येतो, त्यामुळे तिकडे कळपच्या कळप एकाच सुमारास पिसे टाकतो. आपल्याकडे दिवसामानातला फरक कमी असल्याने एकाच खुराड्यात एक कोंबडी पिसे टाकत असते आणि दुसरी अंडी देत असते. त्यामुळे पिसे टाकणारी एकटी पडते आणि आजारी वाटते.

पिसे डोक्यापासून आणि मानेपासून झडू लागतात. मग छाती आणि पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. सगळे मिळून दोन ते तीन महिने जातात, काहींना त्याहून जास्त. आता महत्त्वाची गोष्ट पाहा. पिसात ८० ते ८५ टक्के प्रथिने असतात. अंड्यालाही प्रथिनेच लागतात. ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे तिच्या शरीराला झेपत नाही, म्हणून ते अंडी थांबवते आणि सगळी ताकद पिसांकडे वळवते. आपण म्हणतो, 'कोंबडी बसून खाते.' खरे तर ती वर्षातले सर्वांत अवघड काम करत असते. फक्त त्या कामाचे फळ आपल्या ताटात येत नाही.

आजारी कोंबडी आणि पिसे टाकणारी कोंबडी यांतला फरकही ओळखायला हवा. पिसे टाकणारी चरते, दाणे टिपते, आणि उघड्या कातडीवर नव्या पिसांचे कोंब दिसू लागतात. मानमोडी झालेली कोंबडी खाणे सोडते, हिरवट हगते, धापा टाकते, तिची मान वाकडी होते. अशी लक्षणे दिसली तर तिला वेगळी ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, बाजार दाखवू नये. उवा झाल्यानेही पिसे जातात. त्यासाठी बुडाकडची पिसे बाजूला करून पाहावे. खुडूक कोंबडी तर आणखी वेगळी. ती पिसे फुलवून घरट्यावर बसून राहते आणि जवळ गेल्यास चोच मारते.

सर्वांत उघडी कोण?

कुक्कुटपालन करणाऱ्या जाणत्यांना एक गोष्ट ठाऊक असते. ती प्रत्येकाने ऐकून ठेवावी अशी आहे. कमी अंडी देणारी कोंबडी लवकर पिसे टाकायला लागते आणि एक एक करून सावकाश टाकते. तिचे अंग कधी फारसे उघडे पडत नाही. ती महिनोन्‌महिने तशी बरी दिसते आणि महिनोन्‌महिने अंडीही देत नाही. भरपूर अंडी देणारी कोंबडी मात्र शक्य होईल तितके दिवस अंडी देत राहते. पिसे झिजली, तुटली तरी ती थांबत नाही. शेवटी उशिरा, थंडी पडल्यावर, ती एकदम पिसे टाकते. पंखातली दोन-दोन, तीन-तीन मोठी पिसे तिची एकाच वेळी गळतात.

पिवळ्या पायांच्या जातींमध्ये तर हे पायांवरही वाचता येते. अंडी देता देता पायांचा पिवळेपणा उतरतो, कारण खाद्यातला तो रंग अंड्याच्या बलकात जातो. हंगामाच्या शेवटी पाय फिक्कट पडलेली कोंबडी म्हणजे पुष्कळ दिलेली कोंबडी.

म्हणजे ऐन थंडीत जी सर्वांत केविलवाणी दिसते, पुष्कळदा तीच वर्षभर सर्वांत जास्त देत आलेली असते. जी गुबगुबीत आणि चकचकीत दिसते, तिने कदाचित फारसे काहीच दिलेले नसते. आपण मात्र नजरेने निवाडा करतो आणि पहिलीला बाजारात नेतो. ज्यांना ही खूण ठाऊक नाही, त्यांच्या घरून दर हिवाळ्यात उत्तम कोंबड्या जातात आणि आळशी राहतात. व्यवहारातही हे नुकसानच. पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. झिजलेल्याकडे पाहून 'हा निकामी झाला' असे म्हणण्याआधी 'हा कशाने झिजला?' हे विचारावे, एवढे शहाणपण ही कोंबडी आपल्याला शिकवते.

थंडीत तिला काय लागते?

निरोगी कोंबडीच्या अंगातली उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते, माणसापेक्षा चार अंश जास्त. पिसांशिवाय थंडीत ती टिकवणे म्हणजे दार उघडे टाकून घर गरम ठेवण्यासारखे आहे. म्हणून ती जास्त खाते. नेमक्या याच वेळी आपण तिचा दाणा कमी करतो.

तिला काय द्यावे? धान्याबरोबर प्रथिने द्यावीत. आपल्या घरात ती असतातच. शेंगदाण्याची पेंड चालते, पण बुरशी आलेली पेंड कधीही देऊ नये, तिच्यात विष तयार होते. सोयाबीन द्यायचे तर भाजून किंवा शिजवूनच द्यावे, कच्चे तिला पचत नाही. सुकट किंवा जवळ्याचा चुरा आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर पुरतो. संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी थोडा मका किंवा बाजरी टाकावी. दाणा पचताना अंगात ऊब तयार होते आणि रात्र निभावते. सकाळी पाणी गार असते, त्यात थोडे कोमट पाणी मिसळले तर ती पुरेसे पिते.

निवारा कोरडा हवा. ओली जमीन थंडीपेक्षा वाईट. खाली भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा वाळलेला पाला चार बोटे जाडीचा टाकावा आणि ओला झाला की बदलावा. कोंबड्या जिथे बसतात त्या उंचीला वारा लागू नये, म्हणून वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावावे. पण खुराडे चहूबाजूंनी बंद करू नये. विष्ठेचा उग्र वास कोंडला की छाती बिघडते. वरच्या बाजूला हवा जायला जागा ठेवावी. गवताजवळ दिवा किंवा पेटती शेगडी ठेवू नये, आग लागण्याचा धोका असतो. कोपऱ्यात पाटीभर राख आणि कोरडी माती ठेवली तर ती त्यात लोळून उवा झाडते.

या दोन-तीन महिन्यांत नव्या कोंबड्या आणून कळपात सोडू नयेत, खुराडे हलवू नये. एखादीला इतर कोंबड्या टोचत असतील, तर तिला नजरेआड न करता शेजारी जाळीमागे वेगळे ठेवावे. रक्ताचा थेंब दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

हात न लावण्याची माया

एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगायला हवी. नवे पीस कातडीतून नळीसारखे वर येते आणि त्या नळीत रक्त असते. त्याला नुसता धक्का लागला तरी कोंबडीला वेदना होतात. नळी मोडली तर रक्त वाहते. मुलांना तिची दया येते, ती तिला उचलतात, पोटाशी धरतात, कोणी तर तिला जुन्या मोज्याचा सदरा शिवते. हेतू चांगला असतो, पण कोंबडीला तो छळ होतो. तिला त्या वेळी कुशी नको असते. तिला दाणा, कोरडी जागा आणि एकांत हवा असतो.

यात नीतीचा एक बारकावा आहे. आपण प्रेम करतो तेव्हा बऱ्याचदा आपल्यालाच बरे वाटावे असे काहीतरी करतो. समोरच्याला काय हवे आहे, हे विचारत नाही. खरी काळजी त्याच्या गरजेपासून सुरू होते. कधी ती गरज जवळ घेण्याची असते, कधी दूर राहून ताट भरण्याची असते. भेटायला गेलेल्या आजाऱ्याजवळ तासभर बोलत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनीही हे लक्षात ठेवावे.

हिशेब की कर्तव्य?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिला सांभाळायचे ते का? याची तीन उत्तरे देता येतात.

पहिले उत्तर फायद्याचे. आज खायला घातले तर दिवस मोठे होऊ लागतील तेव्हा ती पुन्हा अंडी देईल. हे खरे आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण हे उत्तर फार दूर जात नाही. वयाबरोबर, दर वर्षी पिसे बदलल्यानंतर, अंडी कमी होत जातात. चौथ्या-पाचव्या वर्षी फायद्याचा हिशेब बंद पडतो. मग त्याच दिवशी कर्तव्यही संपले काय?

दुसरे उत्तर तत्त्वज्ञांचे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले की मुक्या प्राण्यांवर दया करायला शिकलेला माणूस माणसांवरही दया करायला तयार होतो. अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी जवळपास हीच बाजू घेतली. प्राण्यांशी क्रूर वागणाऱ्याचे मन माणसांच्या बाबतीतही कठोर होते, असे त्यांचे म्हणणे. हेही खरे आहे. पण या उत्तरात काहीतरी राहून जाते. थंडी कोंबडीला वाजते आहे. तिचे कुडकुडणे केवळ माझ्या मनाच्या शिक्षणासाठी आहे असे म्हणणे म्हणजे तिला फळा आणि खडू समजणे होय.

तिसरे उत्तर देण्याचे, म्हणजे ऋणाचे. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा. त्याची मादी वर्षाकाठी मोजकी, डझनभराच्या आसपास अंडी घालते, तीही पिल्लांसाठी. हजारो वर्षे निवड करत करत माणसाने तिला कितीतरी जास्त अंडी देणारी बनवले. आज पिंजऱ्यात पाळलेल्या जाती वर्षाला ३०० च्या वर अंडी देतात. रानातली कोंबडी थंडीत आपला आडोसा स्वतः शोधते, पालापाचोळा उकरून किडे मिळवते. आपण दारातल्या कोंबडीची रात्रीची जागा ठरवली, संध्याकाळी दार लावले, अंडी उचलली. तिच्याकडून घेतले आणि तिचे पर्यायही घेतले. ज्याने दार लावले, त्याच्यावर दारामागच्या जिवाची जबाबदारी येते. म्हणून थंडीतला तिचा दाणा ही आपण टाकलेली भीक नव्हे. ती थकबाकी आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला कोणी इथे शंका काढेल की काटेकोर अर्थाने न्याय हा व्यक्ती-व्यक्तींमधला असतो, आणि कोंबडी ही व्यक्ती नव्हे. शंका बरोबर आहे. कोंबडी आपल्यावर दावा लावणार नाही. पण ती आपलीही पूर्णपणे नाही. आपण मालक नसून कारभारी आहोत, ही आपली श्रद्धा आहे. कारभाऱ्याने धन्याच्या वस्तूची हेळसांड केली तर जाब धनी विचारतो, वस्तू नाही. हे देणे निर्माणकर्त्याचे आहे, आणि ते चुकते करण्याची जागा खुराडे आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक श्रद्धाग्रंथातही प्राण्यांशी मायेने वागणे हे माणसाचे देणे म्हणूनच सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुढे नेला. प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे आणि ते आपल्याला होणाऱ्या उपयोगावर अवलंबून नाही, असे त्यांनी शिकवले.

मोशेच्या नियमशास्त्रातही हा विचार आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालायचे नाही, सातव्या दिवशी बैलाला आणि गाढवालाही विसावा द्यायचा, सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यायची. जमीन पडीक राहते त्या वर्षी ती आळशी झाली असे कोणी म्हणत नाही. तो तिचा हक्काचा काळ असतो. कोंबडीचे हे दोन-तीन महिने तिचे सातवे वर्ष आहे असे समजा.

दोन प्रामाणिक हरकती

पहिली हरकत गरिबीची. 'फादर, आमच्याच पोटाची मारामार, कोंबडीला सुकट कुठून घालू?' ही हरकत मी हलकी मानत नाही. ज्या श्रद्धाग्रंथाचा उल्लेख केला, त्यातच असेही म्हटले आहे की माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्चायचा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही. लेकराचे दूध तोडून कोंबडीला पेंड घालावी असे कोणीही सांगत नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टींत विकत किती आणि घरातली किती ते मोजून पाहा. गोणपाट, राख, पाला, भाकरीचे तुकडे, माशाची डोकी यांना पैसे लागत नाहीत, थोडे लक्ष लागते. आणि खरोखरच सांभाळणे झेपत नसेल, तर निरोगी कोंबडी खरे सांगून विकणे किंवा नीट कापणे यात पाप नाही. चूक आहे ती मधल्या वाटेत, म्हणजे ठेवायचीही आणि उपाशीही मारायची. ठेवली तर सांभाळावी, सांभाळता येत नसेल तर ठेवू नये.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. 'शेवटी तिला कापूनच खायची, मग आधी एवढी माया कशाला? हे ढोंग नाही का?' मला वाटते, इथे दोन प्रश्न एकात गुंतले आहेत. प्राण्याचा अन्न म्हणून उपयोग करता येतो, असे चर्च मानते. ज्यांना मांस वर्ज्य वाटते त्यांच्या विवेकाचाही मी आदर करतो. पण शेवट कसा होणार यावरून मधले दिवस कसे जावेत हे ठरत नाही. कापण्याचे काम मिनिटभराचे असते. थंडीच्या रात्री नव्वद असतात. मरण तर आपल्यालाही चुकलेले नाही, म्हणून कोणी आपल्याला हिवाळ्यात उघड्यावर झोपायला सांगत नाही. धार्मिक मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांचे पुस्तक शिकवते. ते शिकवणाऱ्या लोकांच्या घरी कोकरू कापलेही जात होते. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण घेण्याचा अधिकार आणि छळण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ते जाणत होते. शिवाय नाताळच्या रश्शाचा विचार करणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पिसे टाकणारी कोंबडी अंगाने उतरलेली असते आणि कातडीतले नवे कोंब उपटता उपटता नाकी नऊ येतात.

उपाशी ठेवून झडवलेली पिसे

फायद्याचा हिशेब एकटा राहिला तर कुठवर जातो, हे अंड्यांच्या मोठ्या उद्योगात दिसून आले आहे. अंडी कमी झाली की हजारो कोंबड्यांना एकदम पिसे टाकायला लावायचे, म्हणजे नंतर सगळ्या एकदम पुन्हा अंडी देतात. त्यासाठी दहा-दहा, चौदा-चौदा दिवस खाद्य बंद ठेवायचे आणि उजेड कमी करायचा. या काळात कोंबडीचे वजन पाव हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते. ही पद्धत अनेक देशांत वर्षानुवर्षे चालली. अमेरिकेतील अंडी उत्पादकांच्या मुख्य संघटनेने २००६ पासून आपल्या नियमांतून उपाशी ठेवण्याची पद्धत काढून टाकली आणि हलक्या खाद्याचा मार्ग घेतला. आपल्या देशात २०११ साली पशुकल्याण मंडळाने, उपाशी ठेवून पिसे झडवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या विरुद्ध आहे असे सांगून ते थांबवण्यास बजावले.

हे वाचून आपल्याला संताप येतो, आणि तो योग्यच आहे. पण 'अंडं देत नाही तोवर दाणा बंद' हे आपल्या अंगणातले वाक्य त्याच झाडाची फांदी आहे. तिकडे हजारो पिंजरे, इकडे एक खुराडे, एवढाच फरक. कायदा मोठ्या कारखान्यापर्यंत पोहोचेल किंवा न पोहोचेल. आपल्या खुराड्यापर्यंत आपला विवेक पोहोचू शकतो.

खुराड्यातून घरात

इथे मला एका घाईपासून सावध करायचे आहे. कोंबडीवरून लगेच माणसावर उडी मारू नये. म्हातारी आई आणि अंडी थांबलेली कोंबडी यांची तुलना करणे हा आईचा अपमान आहे. कोंबडीचे देणे आपण लागतो ते तिच्याकडून घेतले म्हणून आणि तिला आपल्या ताब्यात ठेवले म्हणून. माणसाचे देणे मात्र त्याने कधीच काही दिले नसले तरी लागतो, कारण तो देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. प्रभू येशूने चिमण्यांचा दाखला दिला तो आठवा. एका पैशाला दोन चिमण्या मिळत, असे मत्तय सांगतो. दोन पैशांना पाच, असे लूक सांगतो. म्हणजे पाचवी चिमणी वरकड, फुकट दिलेली. बाजारात तिची किंमत शून्य. आणि प्रभू म्हणतो की देव तिलाही विसरत नाही, मग तुम्ही तर कितीतरी मोलाचे.

तरीही सवयी भिंत ओलांडून जातात. 'काय देते?' हा एकच प्रश्न जो खुराड्यात विचारतो, त्याच्या तोंडी तोच प्रश्न घरात यायला वेळ लागत नाही. आपल्या लोकांजवळ याच्या उलट सवयही आहे, ती मी मुद्दाम सांगतो. घरात बाळंतीण असली की तिला सव्वा महिना कामाला लावत नाहीत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, ऊब, आणि वाऱ्याला बंदी. 'ही बसून खाते' असे तिला कोणी म्हणत नाही, कारण तिचे शरीर झीज भरून काढते आहे हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ज्या समाजाने बाळंतिणीसाठी एवढे शहाणपण जपले, त्याला पिसे टाकणाऱ्या कोंबडीचे कोडे अवघड वाटायला नको. आणि ऊसतोडीत कंबर धरलेला गडी, परीक्षेनंतर गप्प झालेला मुलगा, आजाऱ्याची वर्षभर सेवा करून स्वतः खचलेली सून, यांचेही कोडे अवघड वाटायला नको. ते बाहेरून रिकामे दिसतात. आत काय भरून येत आहे ते आपल्याला दिसत नाही.

प्रभूने यरुशलेमसाठी शोक केला तेव्हा पंखांखाली पिल्ले गोळा करणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला दिली. राजवाड्यातल्या कोणत्याही पक्ष्यावाचून त्याला अंगणातली ही आई सुचली. त्या पंखांची पिसे दर वर्षी गळतात आणि दर वर्षी नव्याने उगवावी लागतात. पिल्लांना मिळणारी ऊब या उघड्या, थंड महिन्यांत तयार होते.

म्हणून या आठवड्यात एवढे करावे. दिवस मावळताना खुराड्याजवळ जाऊन वारा कुठून येतो ते हात धरून पाहा आणि तिथे गोणपाट लावा. खालचा ओला पाला बदला. उघडी पडलेली कोंबडी असेल तर तिला न उचलता तिच्यापुढे मूठभर जास्त टाका. मुलांना जवळ बसवून नव्या पिसांचे कोंब लांबून दाखवा आणि ही कोंबडी काय काम करते आहे ते समजावून सांगा. आणि घरात किंवा शेजारी कोणी असाच उघड्या दिवसांतून जात असेल, तर त्याला आज काय हवे आहे, ते एकदा विचारा.

प्रभू आपणां सर्वांना आणि आपल्या दारच्या मुक्या जिवांना या थंडीत सांभाळो.

आपला,
धर्मगुरू